एक तिसरी सापडली की

पनवेलच्या कॉलेजातले ग्रंथपाल कमळाकर यांचा एक हट्ट होता. विद्यार्थी कॉम्प्युटरवर लेख शोधत असला की ते माउसला बोट लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे राहत. "मी शोधून दिला तर तो मला सापडला, तुला नाही!" मुलांनी त्यांचं नाव 'विश्राम सर' ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मात्र त्यांचे हात शिवशिवत होते. उरणच्या कोळीवाड्यातली प्राजक्ता विद्यापीठाच्या डेटाबेससमोर रडवेली होऊन बसली होती. खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्या, आई टोपलीभर आणायची त्या शिंपल्या, कमी का झाल्या, हा तिचा एम.एस्सी.चा विषय. 'यावर आधी कुणी काय लिहिलंय ते उद्या दाखव, नाहीतर विषय बदल,' असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. डेटाबेस घरून उघडत नसे, आणि शिपाई बाळू दारात किल्ल्या वाजवत होता.

"काय टाकलंयस?"

"इंग्लिशमधी लिवलंय सर. 'कृपया सांगा, आमच्या खाडीतल्या तिसऱ्या का कमी झाल्या?'"

"अगं, तो काय तलाठी आहे, अर्ज करायला? कृपया काढ. आमच्या काढ. तुझी खाडी त्याला काय ठाऊक!"

तिने शिंपल्या, खाडी, गाळ एवढंच ठेवलं. कामाचा एकच लेख आला, तोही केरळातल्या खाडीवरचा. तिचा चेहरा उतरला.

बाळू म्हणाला, "मिळाला ना? चला आता."

कमळाकरांनी पाठीमागे बोटं घट्ट आवळली. "उठायचं का गं?"

"नाय," ती पुटपुटली. "आई उठत नाय. एक तिसरी सापडली की तितंच बसते, बाजूचा चिखल चाचपते. त्या एकट्या नसतातच..." ती थांबली. सरसर लेखाच्या शेवटी गेली. तिथे त्या लेखकाने वाचलेल्या लेखांची नावं होती. एकेक टाकून पाहू लागली. "सर, हा बगा! हा तर आपल्या कोकणातला!"

बाळू स्टुलावर टेकला.

विषय कायम राहिला. पुढच्या आठवड्यात प्राजक्ता डबा घेऊन आली.

"अगं, मी खात नाही."

"म्हाईत हाय. रिकाम्या शिंपल्या हायत, धुतलेल्या. आई बोलली, सर एवढं शोधायला उभे राह्यले, पण त्यांनी तिसरी कंदी बगितली तरी हाय का?"

कमळाकरांनी पाठीमागचे हात सोडले आणि ओंजळ पुढे केली.