काकांच्या गडग्याला न लागणारी गाडी

घरात गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा ती कोणती घ्यायची हे मी ठरवावं असं बाबांनी जाहीर केलं. मला गाडी चालवता येत नव्हती. अजूनही नीट येत नाही. पण मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या कामांची यादी तोवर बरीच वाढली होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणं, वीजबिलाची तक्रार लिहिणं, शेजारच्या आजोबांच्या मोबाइलचा गेलेला आवाज परत आणणं. डिझेलची गाडी निवडणं हे त्यातलंच पुढचं काम, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी भौतिकशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे नाही म्हणणंही अवघड होतं.

आमचं गाव पावसच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. घर खाली आणि आंब्याची कलमं वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर. मधली वाट अशी: आधी घरामागचा उघडा कातळ, जिथे आम्ही भात वाळत घालतो. मग दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे जांभ्याचे चिरे रचलेल्या बुटक्या भिंती, असलेली अरुंद वाट. मग एक वळण, आणि वळणानंतर कातळातला उभा चढ. पावसाळ्यानंतर त्या चढावर खडी सुटते आणि माणूससुद्धा दोन पावलं पुढे, एक मागे असा जातो. आंबा उतरला की क्रेट खाली आणायचे, फवारणीला पाणी वर न्यायचं. इतकी वर्षं हे काम वरच्या वाडीतल्या एका गृहस्थांची जुनी जीप करायची. ते जीप विकून मुंबईला मुलाकडे राहायला गेले. ती जीप आखूड होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती.

त्या वळणावर मोठ्या काकांचं घर आहे. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वळणाच्या बाहेरच्या बाजूला वहाळ, म्हणजे ओढा, आणि आतल्या बाजूचा गडगा त्यांचा. काही वर्षांपूर्वी तो पावसात कोसळला आणि काकांनी पुन्हा रचला. बाबा म्हणाले, हातभर बाहेर आलाय. काका म्हणाले, अर्धा हात. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बाहेर आलाय याबद्दल दोघांचं एकमत आहे, भांडण उरलेल्या अर्ध्या हाताचं आहे.

म्हणून बाबांनी माझ्यावर सगळं सोपवलं, पण एक अट घातली. "इंजिन बघ, चारी चाकं ओढणारी हाय का बघ, काय ते सगळं बघ. पण त्याच्या गडग्याला लागता नये. गडगा जरा मागे घे म्हणून मी त्याला सांगायला जायचा नाय."

एवढंच होतं सगळं. गाडी काकांना न विचारता वर जायला हवी होती.

मी एक तक्ता केला. शोरूममधून आणलेली रंगीत पत्रकं समोर ठेवून वहीत ओळी आखल्या: इंजिनाची ताकद, जमिनीपासून उंची, चढावर ओढ, किती वजन नेते, रुंदी, लांबी. दोनच गाड्या टिकल्या. एक मोठी, मागे उघडा हौदा असलेली पिकअप, तिच्यात पाचशे लिटरची टाकी ठेवून वर क्रेटही मावले असते. दुसरी छोटी, कापडी टपाची, जुन्या जीपसारखी. दोन्ही डिझेल, दोन्ही चारी चाकांनी ओढणाऱ्या. लांबीच्या ओळीत मी मोठीला बरोबरची खूण केली. लांब म्हणजे चांगली, असं मी गृहीत धरलं. का धरलं ते आता सांगता येत नाही.

रुंदीसाठी वाट मोजायला हवी होती. बाबा म्हणाले, दुपारी जा, तो झोपलेला असतो. आणि हातात पुस्तक घेऊन जा, अभ्यास करतेस असं वाटायला हवं. मी प्रकाशशास्त्राचं पुस्तक घेतलं आणि शिवणाच्या डब्यातली आईची टेप घेतली. वळणावर वाकून टेप लावली तेव्हा गडग्यावरून आवाज आला.

"काय गो, मोजतंस काय?"

काका पडवीत उभे होते. झोपलेले नव्हते.

"अभ्यास करतेय," मी म्हटलं.

"गडग्याचा?"

मला पटकन खोटं सुचत नाही. "हो," मी म्हटलं.

काकांनी माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. "सहा फूट पाच इंच," ते म्हणाले. "शिवणाची टेप ढिली असते, तिच्यावर जाऊ नको. आणि पुस्तक सरळ धर."

मी घरी येऊन तक्त्यात सहा फूट पाच इंच लिहिलं. बाबांनी विचारलं, नीट मोजलंस ना? मी म्हटलं, अगदी नीट. मोठी गाडी सहा फुटांना थोडी जास्त होती. दोन्ही बाजूंना मिळून चार इंच राहत होते. बाबांनी तक्ता वाचला नाही, पण वही हातात धरून दोनदा मान हलवली. कॉलेजात गेल्याचं सार्थक व्हावं असं मला त्या दिवसांत फार वाटायचं, आणि ते झालं असं मला त्या क्षणी वाटलं.

शोरूममध्ये विक्रीचं काम करणारा तरुण कोल्हापूरकडचा होता. तो सगळं बाबांना सांगत होता. "सर, गाडी एक नंबर आहे. तुम्ही फक्त बसा."

"हिला सांगा," बाबा म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, कलरमध्ये चॉइस आहे."

मी जमिनीपासूनच्या उंचीबद्दल विचारलं. त्याने पत्रक उलगडून बघितलं आणि तो आकडा पुन्हा बाबांना सांगितला. शेवटी असं ठरलं की तो रविवारी मोठी गाडी घेऊन घरी येईल आणि आमच्याच वाटेने चढवून दाखवील.

रविवारी गाडी आली. पांढरी, धुतलेली, आत अजून प्लॅस्टिकचा वास. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि लांबी बघून म्हणाली, "ही वळणार कुठे?" आईने तक्ता पाहिलेला नव्हता. मी तिला सांगितलं की दोन्ही बाजूंना मिळून चार इंच राहतात. ती बरं म्हणाली.

सरळ वाटेत गाडी छान गेली. बाबा पुढे चालत होते, मी मागे. वळणावर गाडीचं तोंड वळलं, आणि मग मागचा भाग आतल्या बाजूने गडग्याच्या दिशेने सरकायला लागला. तो थांबत नव्हता. गाडी लांब असली की तिचा मागचा भाग पुढच्या भागाच्या मागून तसाच जात नाही, कोपरा कापून जातो. हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि ते गाडीबद्दल आहे हे कळलं नसेल. एक चिरा गडग्यातून सुटून धप्पकन खाली पडला.

तरुणाने पुढे घेऊन पाहिलं, तर पलीकडे वहाळाचा काठ. मागे घेऊन पाहिलं, तर दुसरा चिरा हलायला लागला.

काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले. पडलेल्या चिऱ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे.

"अभ्यास झाला?"

मी वाटेतून बाजूला सरकले.

"तुज्या बापाशीला सांग, बाजूला हो म्हणावं."

बाबा तोवर वहाळाच्या काठाने मागे येऊन माझ्यापासून चार फुटांवर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुज्या काकाला सांग," बाबा म्हणाले, "मी बाजूलाच हाय."

"बाजूलाच आहेत," मी सांगितलं.

"वहाळात पडायला जागा करून उभा हाय, असं सांग."

हे मी सांगितलं नाही. बाबा आपणच दोन पावलं मागे सरकले.

काका गाडीच्या दाराशी गेले आणि तरुणाला म्हणाले, "उतर."

"सर, तसं नाही देता येत. कंपनीचा नियम आहे, लायसन लागतं आणि—"

काकांनी खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून लायसन. अवजड वाहनांचं होतं. काकांची पंचवीस वर्षं चिरेखाणीवर ट्रक चालवण्यात गेली. खाणीत ट्रक वळवायला जागा नसते. ट्रक उलटा खाली उतरवायचा, चिरे भरायचे आणि तोंड वर ठेवून बाहेर पडायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तक्त्यात लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

काकांनी गाडी हळूहळू सरळ मागे नेली, आमच्या घरामागच्या कातळापर्यंत. तिथे ती फिरवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत उलटीच वर आणली. मागचा भाग आधी वळणात घुसला, आणि पुढचं तोंड वहाळावरच्या मोकळ्या जागेतून फिरून त्याच्या मागे गेलं. गडग्याला काही लागलं नाही. चढावर खडी उडाली, चारी चाकांनी कातळ धरला आणि गाडी मागच्या अंगाने सड्यावर जाऊन थांबली. तरुण बाजूच्या सीटवर दोन्ही हात समोर टेकवून बसला होता. खाली आल्यावर त्याने पाणी मागितलं.

काका उतरले. "इंजिन बरं हाय," ते मला म्हणाले. "आवाज करत नाय फुकटचा." मग त्यांनी पडलेला चिरा उचलला आणि गडग्यात बसवला. मी नीट बघत होते. होता तिथेच बसवला.

त्या संध्याकाळी जेवताना तक्ता माझ्या पानाशेजारी होता. बाबांनी विचारलं, "छोटी वळेल?"

"वळेल. सरळच जाईल. तुम्हाला एकट्याला नेता येईल."

"किती क्रेट?"

"मोठीच्या एका खेपेला छोटीच्या पाच. आणि मोठी टाकी बसणार नाही, लहान करून घ्यावी लागेल."

"आणि मोठी?"

"एका खेपेत सगळं. पण उलटी."

बाबा जेवत राहिले. "उलटी मला येत नाय असं नाय," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"येते की," आई म्हणाली. "मागच्या वर्षी टेम्पो उलटा घेतलात तेव्हा आपल्याच विहिरीचा कठडा गेला. विहीर तरी आपली होती."

मी प्रामाणिकपणे सांगायचं ठरवलं, कारण मला निवडायला सांगितलं होतं. मी म्हटलं की काकांच्या गडग्याला न लागणारी गाडी हवी असेल, तर छोटी घ्यावी. सगळ्या अटी तीच पुऱ्या करते. मोठी घेतली तर काकांना सांगावं लागेल, दर वेळी. मी असंही म्हटलं की माझा तक्ता चुकला होता आणि लांबीच्या ओळीतली खूण मी खोडली आहे. पहिल्यांदाच घरातल्या मोठ्या कामात शिक्षण उपयोगी पडायचं होतं, आणि आईने तांब्या हातात घेऊन जे एका नजरेत पाहिलं ते मला वही भरून दिसलं नव्हतं.

बाबांनी हात धुतले. परत आले, वही उचलली, आणि या वेळी खरोखर वाचली, ओळीवर बोट ठेवून. वाचायला त्यांना वेळ लागतो.

"ती खूण परत कर," ते म्हणाले.

"का?"

"टाकी पाचशे लिटरची हाय. ती काय कापायची?"

टाकी अजून घेतलेली नव्हती. मी खूण परत केली.

मोठी गाडी आली त्या दिवशी आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, बाबांनी नारळ फोडला. मग बाबा गाडीत बसले, मी शेजारी. त्यांनी कातळावर गाडी फिरवली, तिची पाठ वाटेकडे केली आणि फार हळू, मान वळवून, मागे मागे नेली. सरळ वाट पार पडली. वळणाच्या दहा-बारा फूट आधी त्यांनी ब्रेक दाबला. इंजिन चालू होतं. काकांच्या पडवीत कुणी दिसत नव्हतं.

मी दार उघडायला लागले. काकांना बोलावून आणायचं काम माझंच असणार, असं मी धरलं होतं. तक्त्यात मी तशी ओळही वाढवली होती.

"बस," बाबा म्हणाले.

त्यांनी हॉर्न दोनदा वाजवला आणि समोर बघत राहिले.

काका बाहेर आले. पायात चपला सरकवल्या, गडग्याला हात लावत लावत चालत येऊन माझ्या खिडकीशी थांबले. बाबा उतरले, वहाळाच्या बाजूला उभे राहिले, या वेळी आधीच दोन पावलं मागे.

"बापाशीला सांग," काका मला म्हणाले, "एकदाच वाजव म्हणावं. मी बहिरा नाय."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेणखत वर न्यायचं होतं. वळणाशी आल्यावर बाबांनी हॉर्न एकदा वाजवला.