रजिस्टर बंद, बोलणंही बंद

आज सकाळी वडिलांबरोबर मंडईजवळच्या पोस्टात गेलो होतो. दर संक्रांतीला ते नागपूरच्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या अण्णाकाकांना, पाकिटात चिमूटभर हलवा घालून रजिस्टरने पाठवतात. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. त्यामुळे 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे काम पोस्टाकडे.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, रजिस्टर बंद झालं. आता स्पीड पोस्टच. दरही बदललेत."

"अहो, पण मला घाई नाहीये."

"हळू जाणारं आता काही उरलं नाही. नोंदणीचे पैसे वेगळे, ओटीपीचे वेगळे."

"ओटीपीने काय होतं?"

"त्यांच्या मोबाइलवर आकडा येतो. तो सांगितल्याशिवाय पोस्टमन पाकीट देत नाही."

"म्हणजे त्याच्याच हातात पडेल? मग तेच करा."

"नंबर सांगा त्यांचा."

मी अण्णाकाकांचा नंबर शोधायला फोन काढला. तेवढ्यात वडिलांनी दहाच्या दहा आकडे घडाघडा सांगून टाकले.

पोस्टाचे नवे दर कळले. तोंडपाठ असलेल्या नंबरावर फोन लावायला काय पडतं, कुणाला माहीत आहे का?