बिरवाडीतला कुकारा

बिरवाडीत आमच्या भाड्याच्या खोलीपासून मुलीची शाळा माझ्या पावलांनी आठ मिनिटांवर आहे आणि तिच्या पावलांनी बारा. मधली चार मिनिटं गिरणीमागच्या कुत्र्याच्या पिल्लांची. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. मुलगी तिसरीत गेली तरी तिला एकटीला शाळेत पाठवायचं धाडस मला होत नव्हतं. आपण काहीतरी करतोय असं वाटायला म्हणून मी रस्ता मोजत बसलो होतो.

विषय निघाला तो बायकोच्या नोकरीवरून. एका कारखान्यात पॅकिंगला बायका घेत होते. याआधी दोनदा तिला विचारणा झाली होती आणि दोनदा ती 'मुलगी लहान आहे' म्हणून नाही म्हणाली होती. नाही म्हटल्यावर दोन्ही वेळा ती आठवडाभर भांडी जरा जास्तच जोरात घासत होती. या वेळी तिला शनिवारपर्यंत कळवायचं होतं. संध्याकाळी मुलीला शाळेतून आणणं तिला जमणार होतं, कारण कंपनीची गाडी शाळेच्या नाक्यावरच थांबायची. अडचण होती सकाळची. तिला साडेआठला निघावं लागणार, माझी फर्स्ट शिफ्ट असली की मी सहालाच गेलेला, आणि शाळा साडेदहाची. मधला वेळ काढायला खाली घरमालकीण काकू होत्या, पण काकूंचे गुडघे त्यांना जिन्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे पोरीने एकटीने जायचं, नाहीतर तिच्या आईने घरी बसायचं.

"तुम्ही सात वर्षांचे असताना एकटे डोंगर उतरून शाळेत जात होता ना?" बायको म्हणाली. "दर दिवाळीला ऐकते मी."

ऐकते हे खरं आहे. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. चार घरं, म्हशी, गाई, थोडीफार भातशेती. शाळा खाली सडकेला, तासभर उतरून. ही गोष्ट सांगताना मी दर वर्षी थोडा लहान होतो आणि रान थोडं दाट होतं, हे बायकोच्या लक्षात आलेलं आहे. ती महाडची, बाजारपेठेत वाढलेली. तिची शाळा घरासमोर होती, त्यामुळे तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही आणि ऐकून घेणं तिच्या वाट्याला आलं.

त्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारी दोनपर्यंत मी घरी. ठरलं की सोमवारपासून पोरीला एकटीला पाठवून बघायचं. जमलं तर शनिवारी होकार कळवायचा. बायको म्हणाली, चार दिवस सवय झाली की झालं. मी म्हटलं, नुसतं पाठवून कसं चालेल, ती कुठवर पोचली हे कळायला नको?

डोंगरावर हे कळायची सोय होती. आमच्याकडे त्याला कुकारा म्हणतात. पोटातून लांब 'कूऽऽ' अशी साद घालायची, समोरच्याने तशीच परत द्यायची. शाळेत जाताना मी तीन कुकारे द्यायचो. एक ओढ्यावर, एक आंब्याच्या वळणावर, एक खाली सडकेला लागल्यावर. आई वरून उत्तर द्यायची. वाडीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा कुकारा आणि त्याची वेळ माहीत. ओळखीचा असेल तर कोणी मान वर करत नाही. अनोळखी कुकारा आला, किंवा भलत्या वेळी आला, की हातातलं टाकून सगळे पळत सुटतात. जनावर दरीत पडलेलं असतं, नाहीतर कोणाचा पाय मोडलेला असतो.

तर रविवारी मी पोरीला कुकारा शिकवला. तिला फारच आवडला. तिसऱ्या प्रयत्नाला तिने असा काही दिला की घरमालकीण काकू गुडघे विसरून वर आल्या आणि "साप निघाला का?" म्हणून विचारू लागल्या. मला फार अभिमान वाटला. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, हे गाव आहे. इथे असं ओरडतात का?" मी तिला समजावलं की गिरणीच्या वळणावर एक आणि शाळेच्या फाटकाशी एक, एवढंच. मी गॅलरीतून उत्तर देईन. कोणाला काही त्रास नाही.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी पोर निघाली. दप्तर, पाण्याची बाटली, दोन वेण्या. मी गॅलरीत उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला ती वळली आणि दिसेनाशी झाली. मग गिरणीच्या बाजूने तिचा कुकारा आला, लांब, स्वच्छ, अगदी वाडीचा. मला इतकं बरं वाटलं की मी सगळा जीव एकवटून उत्तर दिलं.

इथे माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगायला हवी. बिरवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांत माझ्यासारखेच निम्मे लोक डोंगरातले आहेत. कारखान्यांत कामाला आलेले, वर्षानुवर्षं इथे राहणारे, पँट-शर्ट घालणारे. पण कान कुठे जातात?

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एक कुकारा आला. मागच्या चाळीतून एक आला. पानटपरीपाशी कोणीतरी दिला. पोरीला वाटलं, हे सगळे आपल्यालाच उत्तर देतायत, म्हणून तिने चांगल्या मनाने प्रत्येकाला परत दिला. इतके कुकारे आमच्या वाडीवर वणवा लागला तेव्हासुद्धा झाले नव्हते. जिने धडधडले. एकजण अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच धावला. थर्ड शिफ्ट करून झोपलेला एकजण लुंगीवर, हातात काठी घेऊन. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. सगळे वळणावर जमले आणि मध्ये माझी पोर, दोन वेण्या आणि पाण्याची बाटली.

मी चपला शोधत होतो तेवढ्यात एक म्हातारे काका तिचा हात धरून तिला आमच्या दारापर्यंत घेऊन आले. मागे दहा-बारा माणसं.

"पोर एकटीच होती रे," काका मला म्हणाले. "कुकारे देत होती. वाट चुकली असंल. कुनाची गो तू, इचारलं तर म्हनते, शालंत जायचाय."

"मी चुकले नव्हते!" पोर रडायच्या बेतात होती. "मी पोचतच होते!"

मी सगळं समजावून सांगितलं. काठीवाला हसला नाही, कारण त्याची झोप गेली होती. साबणवाला मात्र इतका हसला की साबण वाळून गेला. काका म्हणाले, "कुकारा झाक हाय पोरीचा," आणि गेले.

मी पोरीला मोटारसायकलवरून शाळेत सोडलं. ती वीस मिनिटं उशिरा पोचली. फाटकाशी उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, उद्या तू ओरडायचं नाहीस. मीपण नाही ओरडणार. आणि गॅलरीत यायचं नाही."

घरी आलो तर बायको तांदूळ निवडत बसली होती. ती मला बोलेल असं वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "सांगून टाकते त्यांना, नाही जमत म्हणून." एवढंच म्हणाली आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. मला स्वतःची लाज वाटली. पोरगी तयार होती, तिची आई तयार होती, आणि दोघींच्या वाटेत गॅलरीतून ओरडणारा मी उभा होतो.

मन हलकं करायला मी वाडीवर आईला फोन लावला. आईने सगळं ऐकलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. "गावात कुकारा देत्यात होय रे?" ती म्हणाली. मी म्हटलं, आई, मी रोज जायचो तेव्हा तुला भीती नव्हती वाटत? पण तुला निदान माझे तिन्ही कुकारे ऐकू यायचे.

"तिन्ही?" आई म्हणाली. "दोनच येयाचे. सडकंवरचा कुकारा वाडीवर नाय येत रे. मधी डोंगराचं नाक हाय."

"पण मी घरी येऊन विचारायचो, ऐकलास का. तू म्हणायचीस, ऐकला."

"मग काय म्हननार? नाय म्हनले असते तर दुसऱ्या दिवशी खाली गेला असतास?" पलीकडे म्हैस ओरडली, आईने तिला गप केलं. "संध्याकालपर्यंत पोटात गोला असायचा. म्हशी हायत, श्यान हाय, भात हाय. काम करत राह्यचं. तूपन तसाच बस आता."

मला आधी आईचा राग आला. चार वर्षं रोज मी त्या सडकेवर उभा राहून घसा ताणत होतो आणि ते वर पोचतच नव्हतं. मग तिची कीव आली, मग फार प्रेम आलं, आणि शेवटी पुन्हा स्वतःचीच लाज. तिने चार वर्षं जे न ऐकता काढलं, ते मला बारा मिनिटं काढता येत नव्हतं. फोन ठेवून मी बायकोला म्हटलं, आज कोणाला काही कळवू नकोस. उद्या पोर जाईल. मी आत बसेन.

मंगळवारी पोर निघाली. मी आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, कालचं वर्तमानपत्र घेऊन बसलो. साडेदहा वाजले. गिरणी चालू होती. कुठूनही काही आवाज नाही. पावणेअकरा. पोटात गोळा म्हणजे काय ते मला नीट कळलं. बायकोने ओटा दोनदा पुसला. इतके दिवस मला हसणारी, महाडच्या बाजारात वाढलेली ही शूर बाई अकरा वाजता पिशवी घेऊन चपला घालायला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"कोथिंबीर संपलीय."

कोथिंबीर आमच्या खालच्याच दुकानात मिळते. ती अर्ध्या तासाने परत आली. पिशवी रिकामी होती.

"कोथिंबीर?"

"नव्हती," ती म्हणाली आणि दारातच बसली. चपला काढता काढता म्हणाली, "वर्गात आहे. खिडकीतून बघितलं. शेजारच्या मुलीला काहीतरी दाखवत होती."

"तिने तुला बघितलं?"

"बघितलं. आधी न बघितल्यासारखं केलं. मग मी जाईना म्हणून बाईंची पाठ वळल्यावर असा हात केला." तिने हात करून दाखवला, माश्या हाकलतात तसा. "मला जा म्हणाली हो." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "पाळण्यात होती तेव्हापासून मी नजरेआड झाले की रडायची. आज पहिल्यांदाच मला जा म्हणाली."

कोथिंबिरीवरून मी दोन-तीन चांगले टोमणे तयार ठेवले होते. ते मी गिळून टाकले आणि तिला पाणी दिलं. पाणी पिऊन तिने कारखान्यात फोन लावला. शनिवार यायला अजून चार दिवस होते, पण ती थांबली नाही.

"हो मॅडम, येते मी सोमवारपासून," ती सांगत होती. "नाही, मुलीची काही अडचण नाही. तिनेच सांगितलंय, जा म्हणून."