खंडेनवमीचा संगणक

डिस्क हातात घेतली आणि मला वाटलं, दुकानदाराने चुकून रिकामी डबी दिली. पत्त्यांच्या कॅटपेक्षा पातळ, वजनाला पापड.

"यात खरंच काही आहे ना?" मी विचारलं.

बुधवार पेठेतला तो दुकानदार मान वर न करता म्हणाला, "आत फिरणारं काही नसतं हिच्यात, म्हणून हलकी. आणि म्हणूनच वेगवान." मग माझ्या मशीनचं वय विचारलं. मी सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, ते अजून चालतं?"

"चालत नाही, रांगतं. म्हणून तर आले."

एवढी लहान डिस्क संगणकाच्या जुन्या कॅबिनेटमध्ये बसवायला पत्र्याचं ब्रॅकेट लागतं. ते नेमकं संपलं होतं. "डबल टेपने चिकटवा. सगळे तेच करतात," तो म्हणाला. सगळे करतात ते मी शक्यतो करत नाही. डिस्क आणि वायर पर्समध्ये टाकून मी कोथरूडची बस पकडली. बसमध्ये दोनदा पर्स उघडून डिस्क बघितली. नवी साडी घेतल्यावरही मी कधी असं केलेलं नाही.

मी घरी अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, छोटी पुस्तकं आणि दिवाळीच्या आधी दिवाळी अंक. माझं मराठी टायपाचं सॉफ्टवेअर जुनं आहे. मशीनच्या मागे, पूर्वी प्रिंटरची रुंद वायर लागायची त्या जागी, डोंगल नावाची एक चावी खोचली तरच ते उघडतं. नव्या मशीनला ती जागाच नसते, आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. म्हणजे हे मशीन गेलं की वीस वर्षांची जुळवलेली पानं गेली, आणि माझं कामही गेलं. आमच्या ह्यांचं मत होतं, "मग बंद कर ना आता. भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो." मला मोकळं व्हायचं नव्हतं.

पण मशीन खरोखरच थकलं होतं. सकाळी ते सुरू करून मी कुकर लावायची. शिट्ट्या होऊन कुकर उतरला, की कुठे पडद्यावर बाण हलायला लागायचा. पान सेव्ह करताना ते मध्येच गोठायचं. शनिवार पेठेतले आमचे छापखानेवाले, ज्यांच्याकडचं काम मी सर्वांत जास्त करते, त्यांनी त्या शनिवारी फोनवर सांगून टाकलं:

"वहिनी, तुमची पानं बैलगाडीने येतात का? सोमवारी दुपारपर्यंत अंक पुरा झाला नाही, तर मला दुसरीकडे द्यावा लागेल. आणि एकदा दिला की पुढची कामंही तिकडेच जाणार. आत्ताच सांगतो, मागाहून राग नको."

"राग कशाला? स्पष्ट बोललात ते बरं," मी म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच बुधवार पेठेत गेले होते.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कॅबिनेट आडवं घातलं. सासूबाई समोर गवार मोडत बसल्या. त्यांना करमणूक हवी होती आणि ती घरातच मिळत होती.

झाकण काढण्याचा मला सराव आहे, कारण दर खंडेनवमीला ते निघतंच. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, सासूबाईंचं शिवणयंत्र, ह्यांची स्कूटर आणि माझा संगणक. पहिल्या वर्षी मी कॅबिनेटवर वरूनच हळदकुंकू लावलं, तर सासूबाई म्हणाल्या, "काम आत होतं, मग डब्याची पूजा कशाला?" तेव्हापासून झाकण काढायचं, धूळ पुसायची, आणि मशीन आडवं ठेवून आतच पूजा करायची. बोटभर हळदकुंकू आतल्या पत्र्याला, कुंकवात भिजवलेल्या चार अक्षता. निमित्ताने सफाई होते, म्हणून मीही कधी हरकत घेतली नव्हती.

आता ब्रॅकेट. छापखान्यातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या वापरलेल्या प्लेटा आमच्याकडे पडलेल्या असतात. स्वयंपाकघरातल्या फडताळात मी त्याच अंथरते. त्यातली एक काढली, मोठ्या कात्रीने कापली, कडा पक्कडीने दुमडल्या, खिळ्याने भोकं पाडली. प्लेटवर एका लग्नपत्रिकेचा पुसट मजकूर होता, माझ्याच जुळणीतला. चार स्क्रू लावून डिस्क तिच्यावर पक्की बसली. वरच्या कडेला अजून वाचता येत होतं: कृपया आहेर आणू नये. पट्टी जुन्या डिस्कच्या खालच्या रिकाम्या खणात सरकवली आणि हलवून बघितली. जरासुद्धा खुळखुळ नाही. दुकानदाराची डबल टेप तिथेच हरली.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"बसली. आता उठते का बघायचं."

पुढचं काम असं होतं: दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडायच्या, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, मग जुनी काढून ठेवायची. नव्याने काही भरायचं नाही, कारण भरायला ते सॉफ्टवेअर आहे कुठे? माझ्या बोर्डावर अशा डिस्कची वायर खोचायला दोनच जागा. एक जुन्या डिस्कने अडवलेली, दुसरी पहिल्या दिवसापासून रिकामी. तिथे नवी वायर लावली, मशीन सुरू केलं आणि सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर बघितलं.

जुनी डिस्क दिसत होती. नवीचं नाव नाही.

बंद केलं, वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा सुरू केलं. नाही. रविवार होता, बुधवार पेठेतली दुकानं बंद, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंक जाणार, इकडून किंवा दुसरीकडून.

"पूजा न करता बसवलीस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता नको."

मग मी घरात दिवा लागत नसला की करते तेच केलं. आधी बल्ब बदलून बघायचा, मग होल्डर. जुन्या डिस्कची वायर काढून नवीला लावली. नवी लगेच दिसली! म्हणजे डिस्क ठणठणीत. नवी वायर जुन्या जागेत खोचली, तरीही दिसली. म्हणजे वायरही ठणठणीत. दोष त्या रिकाम्या जागेचाच. मशीनचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढला आणि बोटाने चाचपून बघितलं, तर खोचलेलं टोक पूर्ण आत जातच नव्हतं. किंचित वर राहत होतं, बाटलीचं बूच आट्यात न बसल्यासारखं. मोबाइलचा टॉर्च मारला. खाचेत काहीतरी लाल होतं.

पहिल्यांदा मला गंज वाटला. मग हसू आलं, ते थांबेचना.

टूथपिक जाड पडली. देवघरातून उदबत्तीची काडी आणली, तिचं टोक चाकूने तासलं, आणि अलगद उकरत तो ऐवज बाहेर काढला. तांदळाची कणी. वाळलेली, कुंकवाने लाल.

"आई, हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. "काय आहे?"

"तुमची अक्षता."

"माझी कशावरून? तूही वाहतेस."

"मी पत्र्यावर वाहते. तुम्ही नेम धरून वाहता."

"मग या वयात माझा नेम बरा आहे म्हणायचा," असं म्हणून त्या पुन्हा गवारीकडे वळल्या. थोड्या वेळाने गवारीकडे बघतच म्हणाल्या, "बिघडलं तर नाही ना गं काही?"

ते मलाही माहीत नव्हतं. फुंकणीने खाच साफ केली, वायर खोचली. या वेळी ती टक् आवाज करून बसली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मशीन सुरू केलं, आणि निळ्या पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक. मी टेबलावर थाप मारली, तशी गवारीची परात उडाली.

नक्कल व्हायला दुपार लागली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि मी वाढता वाढता दर दोन पोळ्यांमागे उठून बघून येत होते. हे म्हणाले, "ती पट्टी तुझ्याकडे बघून वेगाने जाणार आहे का?" मी म्हटलं, "तुम्ही जेवा."

पट्टी भरली. जुनी डिस्क काढली, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. नवी वायर पहिल्या जागेत लावली आणि बटण दाबून सवयीने स्वयंपाकघरात गेले, मशीन उठेपर्यंत चहा टाकावा म्हणून. पातेल्यात पाणी ओतलं, लायटर शोधला, आणि बाहेरून सासूबाई ओरडल्या, "अगं, ते आलं!"

"काय आलं?"

"तुझं मशीन आलं की!"

मी धावत गेले. पडद्यावरची माझी सगळी चित्रं जागच्या जागी होती. सॉफ्टवेअर उघडलं. मागच्या चावीने खोडी काढली नाही. अंकातलं सर्वांत जड पान उघडलं, ज्यासाठी पूर्वी मी कपडे वाळत घालून यायची. क्लिक केलं तोवर ते समोर होतं. सेव्ह. झालं. पुन्हा सेव्ह केलं, उगाचच. चहा राहिला तो राहिलाच.

सोमवारी सकाळीच सगळी पानं गेली. छापखानेवाल्यांचा फोन आला. "वहिनी, बैलगाडी विकलीत वाटतं?"

"गाडी तीच आहे. बैल बदलला."

"मग दुसरा एक अंक पाठवू का? तिकडे देणार होतो, पण..."

"पण वगैरे राहू द्या. पाठवा."

तो दुसरा अंक नेमका खंडेनवमीपर्यंत चालला. त्या दिवशी पूजेनंतर हत्यारांना हात लावायचा नसतो, ती विश्रांती घेतात. दरवर्षी मला ते सोयीचं असे. या वर्षी शेवटची पानं उरली होती. सासूबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"थांबू का?"

"थोडा वेळ, आई."

"थांबते. आता त्याला वेळ लागत नाही ना."

मी पानं पाठवली, मशीन बंद केलं, आणि झाकण काढायला स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. ताटात अक्षता होत्या, पण त्या विळीसाठी. कॅबिनेटवर त्यांनी झेंडूचं एक अख्खं, चांगलं लिंबाएवढं फूल ठेवलं आणि ते घरंगळत नाही ना, हे दोनदा बघितलं.