चालू राहायला शिकवणारे सर

रिसोडजवळच्या आमच्या सोयाबीन साफ करायच्या कारखान्यात नवी मशीन आली, तेव्हा मालकांनी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरहून एक सर बोलावले. कॉलरला माइक लावलेला, आणि प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर?" विचारून ते उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे. मशीन शेजारच्याच शेडमध्ये होती. तिकडे ते फिरकलेही नाहीत. दिवसभर त्यांनी आमच्याकडून फुगे फुगवून घेतले आणि डोळे मिटून यश बघायला लावलं.

शेवटी केनवडच्या शोभाबाई उठल्या. "सर, मशीन बंद कुठून करा लागते, थे दाखवा ना."

सर गोड हसले. "ताई, बंद करायचा विचारच मनात आणू नका. चालू राहायचं. बरोबर?"

पुढच्याच आठवड्यात शोभाबाईंची बाही मशीनच्या पट्ट्यात अडकली. बटण कोणालाच सापडेना. वायरमननं धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर हाताचं हाड मोडलं होतं.

कामगार नीट शिकले नाहीत, असं मालकांचं मत पडलं आणि पुन्हा तेच सर आले. प्लास्टरमधल्या शोभाबाईंना पुढे उभं करून ते त्यांच्या जिद्दीवर बराच वेळ बोलले. मी सरांना ढोंगी समजत होतो, पण बोलताना त्यांचे डोळे खरोखर पाणावले. तेव्हा मला त्यांची भीती वाटली. आपण काय शिकवलं नाही, हे ढोंग्याला निदान ठाऊक तरी असतं.