राजाच्या मांडीवर

गोव्यातल्या आमच्या सर्वण गावात जत्रेला नाटक झालं नाही तर देव रागावेल न रागावेल, माणसं नक्की रागावतात. आणि नाटकातला राजा म्हणजे आमचे बाबा, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं.

गेल्या वर्षी मला हुक्की आली. दरवर्षी तेच जिरेटोप, त्याच तलवारी. म्हटलं, बदल करू. पणजीला कचेरीत जाता-येता बसमध्ये हवाई बेटांवरच्या एका पुरातन राजाची गोष्ट वाचली होती, तीच मराठीत रचली. राजाला एका साध्या बाईपासून मुलगा होतो. तो आईकडे, अळूच्या मळ्यात वाढतो. मोठा झाल्यावर राजवाड्याचं कुंपण ओलांडून थेट राजाच्या मांडीवर जाऊन बसतो. तिथला कायदा असा, की परवानगीवाचून कुंपण ओलांडणाऱ्याला मरण. राजाने ओळखलं तरच सुटका. पुढे हाच मुलगा गादीवर येतो, जमिनी नीट वाटून देतो, राजा असूनही स्वतः अळू लावतो, मासे पकडतो. अळू खाणारा राजा आमच्या लोकांना लगेच पटला, पागोट्याशिवायचा पटेना. कोंबड्याच्या पिसांचा झगा शिवला तेव्हा कुठे गप्प बसले.

रीतीप्रमाणे देवाचा कौल घेतला. बाबांच्या नावाने मूर्तीवर लावलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. उजवा कौल झाला की आमच्याकडे नट बदलत नाहीत. बाबांची स्मरणशक्ती जात चालली आहे, असं डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच मला सांगितलं होतं. ते देवळात बोलायला हवं होतं. मी मेला हात जोडून गप्प उभा राहिलो. एकदा शेवटचे राजा होऊ देत, एवढाच मोह. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तालमीला बाबा पहिल्या अंकात तिसऱ्या अंकातलं बोलायचे. लोक म्हणत, वय झालं, चालायचंच. घरी ते आम्हां सगळ्यांना ओळखत होते, त्यावरच मी स्वतःची समजूत घालत होतो. मुलाचं काम माझंच. पंचेचाळिशीचा, ढेरपोट्या मुलगा! बापाची मांडी मोडशील म्हणून सगळे चिडवायचे.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून डोक्यात एकच: आज बाबा अडले तर सगळा गाव त्यांना हसणार, आणि ते माझ्या पायी. मी कुंपण ओलांडलं, शिपाई भाले घेऊन धावले, आणि मी बाबांच्या मांडीवर जाऊन बसलो. आता त्यांनी विचारायचं, तू कोणाचा? विंगेतून चुलतभाऊ वाक्य सांगत होता, पुन्हा सांगत होता; त्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतका चढला. बाबा नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मग त्यांनी मान ताठ केली. विचारलं, तू कोणाचा? मी म्हटलं, तुमचाच.

"टाका ते भाले. हा माझा मुलगा आहे. याच्या केसाला धक्का लावणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

काय तो आवाज! एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांनी मला छातीशी धरलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. टाळ्यांत पडदा पडला.

पडदा पडला तरी बाबांनी हात सोडला नाही. माझ्या कानाशी वाकले आणि आमच्या घरच्या बोलीत, अगदी मायेने म्हणाले, "तुझो बापूस खंय आसा रे? तुका सोधीत आसतलो."

पलीकडे लोक अजून टाळ्या वाजवत होते. मी बाबांच्या मांडीवरून उठलो नाही.