मोठे टायर आणि साळवेची डायरी

१२ जानेवारी, सकाळचे नऊ. उस्मानपुऱ्यात टायरच्या दुकानासमोर उभी होते. काम एकच: धाकट्या भावाच्या पिकअपचे चार टायर बदलायचे. संजय पैठणहून शहरात मोसंबी आणतो. त्याला मोठे टायर हवेत.

"लई भारी दिसती गाडी, मॅडम," दुकानदार म्हणाला.

मी खडू आणि टेप मागितला.

"अक्का, टायर घ्यायचाय. ब्लाउज नाय शिवायचा," संजय म्हणाला. दुकानातले सगळे हसले.

माप घेतलं आणि गाडीला आधीच्याच मापाचे टायर बसवायला लावले. संजय घरापर्यंत कुरकुरत आला. त्यामागचं कारण त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते.

मी लष्करात सर्व्हिस कोअरमध्ये कॅप्टन होते. उत्तर सीमेवर माझ्याकडे ट्रान्सपोर्ट प्लाटून होती. पिकअप गाड्यांतून वरच्या पोस्टना रेशन आणि रॉकेल पोहोचवायचं. ०५३० ला इंजिनं गरम करायची, ०६३० ला पहिली गाडी गेटबाहेर. प्रत्येक गाडीत कार डायरी. गाडी जिथे थांबेल तिथे चालकाने वेळ आणि मीटर लिहायचा, मगच खाली उतरायचं. हा नियम मी कडक राबवत असे.

नोव्हेंबरात गाड्यांची पोटं बर्फाला घासू लागली. चाचणी म्हणून एका गाडीला मोठे टायर बसवायचा आदेश मी दिला. ती गाडी नायक उत्तम साळवेची. पैठण तालुक्यातला, माझ्याच जिल्ह्याचा माणूस.

महिन्याभरात त्या गाडीचं ॲव्हरेज उतरलं. बाकीच्या गाड्या लिटरला आठ किलोमीटर जात होत्या, ही सहा. मी त्याला बोलावलं.

"साळवे, डिझेल कुठं जातं?"

"टाकीत, मॅडम."

"आणि टाकीतून?"

"टायर जड हायेत. चढाला तिसरा गिअर घेतच नाय गाडी. लई पिती."

"पाव भाग पिते?"

मी त्याच्या डायरीत लाल शाईने लिहिलं: डिझेलचा मेळ बसत नाही. चालकाने खुलासा द्यावा. त्याने ते उभ्याउभ्या वाचलं, सॅल्यूट केला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने वीस लिटरचा जादा कॅन नेणं बंद केलं.

"थेंबभर जादा नको, मॅडम. आठच्या हिशेबानं मोजून द्या."

मी मोजून दिलं. टाकीत राखीव होतं, ते रोज थोडं थोडं उतरत गेलं. काट्यावर त्याला दिसत असणार. त्याने मागितलं नाही. मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी खालचा रस्ता बंद होता. साळवे आणि सह-चालक शिपाई यादव वरच्या लांबच्या वळशाने गेले. १३१० ला साळवेचा रेडिओ आला.

"बेस, अल्फा थ्री. डिझेल संपलं. लोकेशन नाला दोन. ओव्हर."

नाला दोनवर थांबायचं नाही, असा कायमचा आदेश होता. दुपारनंतर तिथे वरून बर्फ सुटत असे.

"गाडी सोडा. दोघंही चालत खाली या. आत्ता. ओव्हर."

"रॉजर. आउट."

१३१३ ला वरचा बर्फाचा कडा सुटला. यादव तोवर दोनशे पावलं खाली आला होता. साळवे नव्हता.

"उस्ताद बोले, तू चल, मैं डायरी भरके आता हूँ." यादव संध्याकाळपर्यंत एवढंच सांगत होता.

साळवेचा मृतदेह १७४० ला बर्फाखालून काढला. डायरी कोटाच्या आत, बटण लावलेलं. शेवटची नोंद त्याच्या नेहमीच्या सरळ अक्षरात: १३१२. नाला दोन. डिझेल निल. समोर मीटरचा आकडा.

सीओ, म्हणजे आमचे कमांडिंग ऑफिसर, म्हणाले, "पुरेसं डिझेल न घेता निघाला. चालकाची चूक. रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ०७०० ला मी स्टोअरमधून जुन्या मापाचा एक टायर आणि त्याच्या गाडीचा राखीव मोठा टायर काढला. दोन्हींवर खडूने खूण केली आणि जमिनीवर एकेक फेरा फिरवला. जुना दोन मीटर दहा सेंटिमीटर गेला. नवा दोन मीटर तीस. गाडीतला मीटर फक्त चाकाचे फेरे मोजतो. तो एकवीस किलोमीटर दाखवत होता तेव्हा गाडी तेवीस चालली होती. हे धरलं की सहाचे साडेसहा होतात. उरलेलं डिझेल टायर पीत होते. साळवेने सांगितलं होतं तसंच.

डायरीत खाडाखोड चालत नाही. म्हणून लाल शेऱ्याच्या खाली लिहिलं: वरील शेरा चुकीचा. मोठ्या टायरमुळे मीटर कमी दाखवतो आणि डिझेल जास्त लागतं. चालकाने हे तोंडी कळवलं होतं. टायरचा आदेश माझा. डिझेल जुन्या हिशेबाने मी दिलं. नायक उत्तम साळवे यांची चूक नाही.

खाली सही, हुद्दा, वेळ ०८१०. डायरी सीओंच्या टेबलावर उघडी ठेवली आणि ते वाचेपर्यंत समोर उभी राहिले.